फाइल आईची आहे, वकिलाची नाही

तुमचं पत्र लांब आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. तुमच्या आईने माहेरच्या शेतजमिनीत हिस्सा मिळावा म्हणून भावांविरुद्ध वाटपाचा दावा लावला. तालुक्याच्या दिवाणी कोर्टात तो सहा वर्षं पडून आहे. आईचं वय ७१. गेलं वर्षभर वकीलसाहेब तारखेला नसतात, फोन उचलत नाहीत. तुम्ही वकील बदलायचं म्हणालात तेव्हा त्यांनी सांगितलं, साठ हजार बाकी आहेत, ते भरा आणि मग फाइल न्या. दुसऱ्या दोन वकिलांनी "आधी एनओसी आणा", म्हणजे जुन्या वकिलांची 'हरकत नाही' अशी सही आणा, म्हणून परत पाठवलं. दावा लावताना आईच्या काही कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या आहेत. वकील समोरच्या पार्टीला मिळाले असावेत असा तुम्हाला संशय आहे. आणि शेवटी विचारलंय, तक्रार ग्राहक मंचात करू की बार कौन्सिलमध्ये (वकिलांची नोंदणी आणि शिस्त बघणाऱ्या संस्थेत)? आई मात्र म्हणते, "वकीलसाहेबांना दुखवू नका, सगळं त्यांच्या हातात आहे."

मी सत्तावीस वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली करतो, बहुतेक दिवाणी कामं. आईचं हे वाक्य मी इतक्या पक्षकारांच्या तोंडून ऐकलंय की उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. सगळं त्यांच्या हातात नाही. फाइल तुमच्या आईची आहे. वकिलाची फी खरोखर बाकी असली, अगदी पैन् पै बाकी असली, तरी ती वसूल करण्यासाठी फाइल अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही.

हे माझं मत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. २२ ऑगस्ट २०००, आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा. सक्सेना भोपाळचे वकील. मध्य प्रदेश राज्य सहकारी बँकेने त्यांना कायदा सल्लागार नेमलं होतं. १९९३ च्या जुलैत बँकेने नेमणूक संपवली आणि आपल्या सगळ्या केसेसच्या फाइली परत मागितल्या. त्यांनी फाइलींऐवजी रु. ९७,१०० चं बिल पाठवलं आणि कळवलं, हिशेब मिटला की फाइली मिळतील. तुमच्या वकिलांनी जे सांगितलं तेच, फक्त आकडा वेगळा. बँकेने राज्य बार कौन्सिलकडे तक्रार केली, ती तिथे वर्षभरात संपली नाही म्हणून बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे गेली. त्यांनी सक्सेनांना गैरवर्तनाबद्दल दोषी ठरवून अठरा महिने वकिली बंद आणि एक हजार दंड अशी शिक्षा दिली. त्यावर ते सर्वोच्च न्यायालयात गेले.

त्यांचा युक्तिवाद ऐकायला सोपा होता. करार कायद्याच्या कलम १७१ प्रमाणे काही धंद्यांत आपल्या ताब्यातला माल बाकी वसूल होईपर्यंत रोखून धरता येतो, मग वकिलाला का नाही? कोर्टाने म्हटलं, केसची फाइल म्हणजे माल नव्हे. बाजारात तिला किंमत नाही, ती विकून पैसे उभे राहत नाहीत. तिची किंमत एकाच माणसाला आहे, ज्याचा दावा आहे त्याला. आणि नेमकं म्हणूनच ती अडवली की तो माणूस हतबल होतो. ज्या देशात बहुसंख्य पक्षकार गरीब आणि कमी शिकलेले आहेत, तिथे असा हक्क वकिलाच्या हाती दिला तर तो नाडण्यासाठीच वापरला जाईल. पक्षकाराला वकील बदलण्याचं स्वातंत्र्य हवं, आणि फाइलशिवाय ते स्वातंत्र्य कागदावरच राहतं. या प्रश्नावर तोवर सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय नव्हता, आपल्याला असा हक्क आहे असं सक्सेनांना प्रामाणिकपणे वाटलं असू शकेल, म्हणून शिक्षा कमी करून ताकीद ठेवली. पण दोषी ठरवणं कायम राहिलं, आणि यापुढे असं करणाऱ्याला ही सौम्य शिक्षा दाखला म्हणून पुढे करता येणार नाही हेही निकालात लिहिलं. या गोष्टीला आता दोन तपं उलटून गेली. कायदा माहीत नव्हता असं आज कोणी म्हणू शकत नाही.

पण तुमचं आजचं काम भांडण नव्हे. आधी दावा जिवंत आहे का ते बघा.

वकील वर्षभर हजर नाहीत म्हणता. अशा वेळी दावा गैरहजेरीत निकाली निघालेला असू शकतो, आणि घरी कुणाला पत्ता नसतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसला मिळणारा ओळख क्रमांक) टाका. तो नसेल तर आईच्या नावावर शोधा, कोर्ट आणि साल निवडून. केसचा टप्पा दिसेल, पुढची तारीख दिसेल आणि मागच्या प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद दिसेल. नोंदी एकेक उघडून वाचा. तिथे "वादी गैरहजर, वादीचे वकील गैरहजर, पुराव्यासाठी शेवटची संधी" असं काही असेल तर तुम्ही कड्याच्या टोकावर आहात. "पुरावा बंद" असा हुकूम असेल तर तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज लागेल, आणि योग्य कारण दिलं, थोडी कॉस्ट (कोर्टाने लावलेला खर्च) भरली की बहुतेक न्यायाधीश संधी देतात. दावाच गैरहजेरीत काढून टाकला असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ नियम ९ खाली तो पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज काढून टाकल्याच्या तारखेपासून तीस दिवसांत द्यावा लागतो. तीस दिवस उलटले असतील तरी विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, पण मग एकेक दिवसाचं कारण सांगत बसावं लागतं. तुमच्या वकिलांना पाठवलेले मेसेज, न उचललेल्या कॉलची यादी, हे सगळं तिथे उपयोगी पडेल. काही पुसू नका.

ॲपवर विसंबून मात्र राहू नका. तालुक्याला नोंद कधी उशिरा चढते, कधी नुसतं "तहकूब" एवढंच असतं. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची कोर्टातली लेखी नोंद, प्रत्यक्ष बघा. पक्षकाराला स्वतःच्या केसचं रेकॉर्ड अर्ज देऊन पाहता येतं, त्यासाठी वकिलाची परवानगी लागत नाही.

आता फाइलबद्दल एक गोष्ट सांगतो, ती ऐकून तुमचा निम्मा धसका जाईल. वकिलाकडे असते ती ऑफिस कॉपी. खरी फाइल कोर्टात आहे. नक्कल विभागात आईच्या सहीने अर्ज द्या आणि या नकला मागा: निशाणी १ चा दावा, निशाणी ५ चा मनाई अर्ज आणि त्यावरचा हुकूम, भावांची कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर), कोर्टाने काढलेले वादाचे मुद्दे, दोन्ही बाजूंच्या फेरिस्ती (कागदांच्या याद्या) आणि त्यांसोबतचे कागद, आणि संपूर्ण रोजनामा. रोजनाम्याची नक्कल विसरू नका, वकील कुठल्या कुठल्या तारखेला नव्हते याचा तुमच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच असेल, कारण तो न्यायाधीशांच्या सहीचा आहे. सातबारा आणि आठ अ ऑनलाइन डिजिटल सहीचे मिळतात. जुने फेरफार तलाठी किंवा तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षातून. नोंदणीकृत खरेदीखत किंवा वाटणीपत्र असेल तर दुय्यम निबंधकाकडून. म्हणजे वकिलांनी एकही कागद दिला नाही तरी पंधरावीस दिवसांत नव्या वकिलाच्या टेबलावर पूर्ण फाइल उभी राहू शकते. त्यांच्या ताब्यात अस्सल कागद कुठले राहिले असतील, जे कोर्टात दाखल झालेच नाहीत, त्यांची तेवढी आईला आठवून यादी करायला सांगा.

मग वकिलांना पत्र. नोटीस म्हणा हवं तर, पण भाषा साधी ठेवा. आईच्या नावाने, आईच्या सहीने, स्पीड पोस्टाने, पोच सांभाळून. त्यात चारच गोष्टी असू देत. अमुक दाव्यातलं वकीलपत्र मी संपवू इच्छिते. फाइल आणि अस्सल कागद आठ दिवसांत पोच घेऊन द्यावेत. आजवर दिलेल्या रकमांचा आणि बाकी म्हणता त्याचा हिशेब द्यावा. आणि माझ्या सह्या असलेले कोरे कागद परत द्यावेत, त्यांचा वापर करण्याचा अधिकार मी काढून घेत आहे. आरोप नकोत, "तुम्ही विकले गेलात" नको. हेच पत्र उद्या न्यायाधीश वाचतील, परवा शिस्तपालन समिती वाचेल. आईचं "दुखवू नका" मला कळतं, आणि असं पत्र लिहून कुणी दुखावत नाही.

कोऱ्या कागदांबद्दल मी जरा थांबून बोलणार आहे, कारण तुमच्या पत्रात ते एका ओळीत येऊन गेलं आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. लांबून येणाऱ्या म्हाताऱ्या पक्षकाराला दर वेळी सहीसाठी बोलवायला नको, म्हणून काही जण वकीलपत्रासोबत दोन-चार कागदांवर सह्या घेऊन ठेवतात. घेणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही वाईट नसतं. पण त्या कागदावर उद्या तडजोडीची पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) टाइप झाली तर? तडजोडीचा हुकूमनामा ऑर्डर २३ नियम ३ खाली होतो, तिथे पक्षकाराच्या सहीचा लेखी मजकूर लागतो, आणि सही तर आधीच तयार आहे. वकिलाने पक्षकाराच्या स्पष्ट सूचनेशिवाय त्याचा हक्क सोडून देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हिमालयन को-ऑप. ग्रुप हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात नीट सांगितलंय. पण एकदा झालेला हुकूमनामा उलटवायला पुन्हा वर्षं जातात. म्हणून पत्राची एक प्रत जोडून कोर्टातही आईच्या नावे एक लहानसा अर्ज देऊन ठेवा: मी स्वतः न्यायाधीशांसमोर हजर राहून सांगितल्याशिवाय माझ्या नावे कुठलीही तडजोड किंवा दावा काढून घेण्याची पुरसिस स्वीकारू नये. कागद रेकॉर्डवर लागला की तुम्ही शांत झोपू शकता. मी स्वतः माझ्या ज्युनिअरना पहिल्याच दिवशी सांगतो, पक्षकाराने कोऱ्यावर सही करायची तयारी दाखवली तरी त्याच्या हातातून पेन काढून घ्या.

आता एनओसी. नवा वकील ती का मागतो हे समजून घ्या, तो तुम्हाला त्रास द्यायला मागत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत नियम ३९ आहे: एखाद्या प्रकरणात आधीच दुसऱ्या वकिलाचं वकीलपत्र असेल तर त्याच्या संमतीशिवाय आपण हजर व्हायचं नाही. म्हणून नव्या वकीलपत्राच्या कोपऱ्यात जुने वकील "हरकत नाही" लिहून सही करतात. पण बरेच वकील नियम इथपर्यंतच वाचतात. त्याच नियमाचं पुढचं वाक्य असं की संमती मिळत नसेल तर कारण सांगून कोर्टाकडे अर्ज करावा आणि कोर्टाने परवानगी दिली की हजर व्हावं. इकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३ नियम ४ मध्येही तेच आहे, पक्षकार कोर्टाच्या परवानगीने लेखी अर्ज देऊन वकिलाची नेमणूक संपवू शकतो. म्हणजे चावी कोर्टाकडे आहे. तुमचं पत्र, पोस्टाची पोच, आठ दिवस उलटल्याचं एक छोटं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर मी आजवर जे जे अर्ज दिले त्यांतला एकही फेटाळला गेलेला मला आठवत नाही. नव्या वकिलाला हा नियम दाखवा. तालुक्याला तो कचरत असेल, कारण रोज त्याच बार रूममध्ये बसायचं असतं, तर जिल्ह्याच्या ठिकाणचा वकील बघा. तेही जमेना तर आईने तारखेला स्वतः उभं राहून न्यायाधीशांना सांगावं, "माझे वकील येत नाहीत, मला दुसरा वकील द्यायचाय, मुदत द्या." वादीला स्वतः बोलायचा पूर्ण अधिकार आहे.

आणि इथे एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. तुमची आई स्त्री आहे, एवढ्याच कारणाने तिला मोफत वकील मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. तुमच्याच कोर्टाच्या इमारतीत तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असेल. मोफतचा वकील म्हणजे कसाबसा, असा लोकांचा समज असतो. माझा अनुभव तसा नाही, पॅनेलवर चांगली मेहनती मुलं-मुली असतात, आणि वाटपाच्या दाव्यात मेहनतीलाच किंमत आहे. शिवाय समितीने दिलेल्या वकिलाच्या कामावर समितीची देखरेख असते.

संशयाबद्दल. तुम्ही लिहिलंय की आमचे वकील आणि मामांचे वकील कँटीनला एकत्र चहा घेताना दिसले. मनापासून सांगतो, हा पुरावा नव्हे. मी आज सकाळी ज्यांच्या साक्षीदाराची दीड तास उलटतपासणी घेतली, त्याच वकिलांच्या डब्यातली भाकरी दुपारी खाल्ली. आमच्या व्यवसायात समोरासमोर भांडायचं आणि शेजारी बसून जेवायचं, ही शिस्त आहे. संशयाला धरून ठेवण्यासारख्या गोष्टी वेगळ्या असतात. आईने फक्त वकिलांना सांगितलेली गोष्ट समोरच्या अर्जात आली का? आईच्या बाजूचा दावा ज्यांनी तयार केला त्यांनीच नंतर कुठे मामांच्या बाजूने काम घेतलं का? (आचारनियमांतला नियम ३३ त्याला सरळ मनाई करतो.) वादग्रस्त जमिनीत वकिलाने स्वतः किंवा घरच्यांच्या नावे काही घेतलं का? पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं उघड करायचं नाही, हे बंधन आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, आणि वकीलपत्र संपलं तरी ते संपत नाही. यातलं काही असेल तर तारखेसह लिहून ठेवा. नसेल तर संशय बाजूला ठेवा, कारण तो तक्रारीत घातलात की तुमची पक्की बाजूही पातळ होते.

आणखी एक. वकील तुम्हाला माहिती देत नाहीत ही तुमची तक्रार आहे, पण पक्षकार आई आहे, तुम्ही नाही. पक्षकार किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी सोडून दुसऱ्या कुणाच्या सूचनेवर वकिलाने काम करू नये, असं नियम १९ सांगतो. वाटपाच्या दाव्यात मुलांचे, जावयांचे वेगळे हिशेब असतात, हे आम्ही रोज बघतो. आई थकली असेल तर तिच्याकडून रीतसर मुखत्यारपत्र करून घ्या, म्हणजे तुम्हाला टाळायचं कारण कुणालाच उरणार नाही.

आता तक्रार कुठे. ग्राहक मंचात, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगात, जाऊ नका. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते असं म्हटलं होतं, पण १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. वकील आणि पक्षकार यांचं नातं वैयक्तिक सेवेच्या कराराचं आहे, वकील पक्षकाराच्या सूचनेखाली काम करतो, म्हणून तो ग्राहक कायद्याच्या बाहेर. माझ्या व्यवसायातल्या अनेकांनी त्या दिवशी पेढे वाटले. मला तितका आनंद झाला नाही. कारण मग पक्षकारासाठी उरतं ते बार कौन्सिलचं दार, आणि ते दार आम्ही वकिलांनीच नीट उघडं ठेवलं पाहिजे. निष्काळजीपणामुळे प्रत्यक्ष नुकसान झालं असेल तर दिवाणी कोर्टात भरपाईचा दावा करता येतोच, पण एक दावा सोडवायला दुसरा दावा, हे तुमच्या आईच्या वयात मी सुचवणार नाही.

तक्रार होते ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे, कार्यालय मुंबईत. तक्रार मराठीत चालते. दाव्याला असतं तसं खाली सत्यापन (मजकूर खरा असल्याचं सहीनिशी कथन) लागतं, सोबत ठरलेली फी. कौन्सिलला सकृद्दर्शनी तथ्य वाटलं तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. समितीत तिघं, दोन कौन्सिलचे सदस्य आणि एक बाहेरचा अनुभवी वकील. दोन्ही बाजूंना ऐकून ती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, काही काळ सनद स्थगित करू शकते किंवा नाव पटावरून कायमचं काढू शकते. निर्णय मान्य नसेल तर साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, आणि तिथून साठ दिवसांत सर्वोच्च न्यायालयात. कलम ३६-ब प्रमाणे राज्य कौन्सिलच्या समितीने वर्षात काम संपवायचं असतं, नाही तर ते दिल्लीला वर्ग होतं. व्यवहारात वर्ष अपुरं पडतं, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही बजावून सांगावं लागलं की तक्रारी वेळेत संपवा, वर्ग होण्याची वाट बघत बसू नका. एक मात्र चांगलं आहे. एकदा चौकशी सुरू झाली की फक्त तक्रारदाराने माघार घेतली किंवा आपसात मिटलं एवढ्यावर ती बंद करता येत नाही. आईवर कुणी दबाव आणायला आलं तर हे सांगा.

बार कौन्सिल वकिलांचीच, ती वकिलाला काय शिक्षा करणार, असं लोक म्हणतात. त्यांना मी मुंबईचं दाभोळकर प्रकरण सांगतो. मुंबईच्या फौजदारी कोर्टांच्या दाराशी काही वकील येणाऱ्या पक्षकारांना धरून, एकमेकांशी झोंबाझोंबी करून ब्रीफ, म्हणजे केसचं काम, खेचत. राज्याच्या बार कौन्सिलने त्यांना तीन वर्षं वकिलीतून दूर केलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ते सोडून दिले, तर राज्याची कौन्सिल स्वतः सर्वोच्च न्यायालयात अपिलाला गेली. आपल्याच सभासदांविरुद्ध. तिला असा अधिकार आहे का, यावरच आधी सात न्यायाधीशांचं पीठ बसलं, आणि १९७५ मध्ये निर्णय आला की आहे, कारण व्यवसायाची अब्रू राखणं हे तिचं काम आहे. त्या परंपरेतली कौन्सिल आहे ही. ती कधी ढिली पडते हे खरं, पण तिच्याकडे जाणाऱ्या तक्रारीही अनेकदा ढिल्या असतात.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे दोन माणसं तक्रारीचे मसुदे घेऊन आली होती. एकाचा बावीस पानांचा. दुष्ट, नीच, भ्रष्ट, प्रत्येक ओळीत एक विशेषण, आणि तारीख शोधायला मला अर्धा तास लागला. दुसरी एक शिक्षिका होती, तिचा मसुदा दीड पानाचा. अमुक तारखेला इतके रुपये दिले, पावती दिली नाही, बँकेचा उतारा सोबत. अमुक तारखेला अपील दाखल केल्याचं फोनवर सांगितलं, मेसेज सोबत. अमुक तारखेला चौकशी केली तर अपील दाखलच नाही, कार्यालयाचं पत्र सोबत. मी तिच्या मसुद्यात एक स्वल्पविरामही बदलला नाही. पुढे चौकशीत समोरच्या वकिलांना उत्तर देता आलं नाही. तुमची तक्रार अशी लिहा. फाइल मागितली ती तारीख, नकार दिला ती तारीख, पत्राची पोच, रोजनाम्याची नक्कल. एवढंच. केस हरली किंवा अर्ज चुकीच्या कलमाखाली दिला, हे त्यात घालू नका. प्रामाणिक चूक म्हणजे गैरवर्तन नव्हे, आणि ती धरून बसलात तर फाइल अडवल्याचा खरा मुद्दा मागे पडतो.

राहिले साठ हजार. इथे मी तुमच्या वकिलांच्या बाजूनेही बोलणार. सहा वर्षं एखाद्याने दावा चालवला असेल, मनाई हुकूम मिळवला असेल, तर त्याचे पैसे राहिले असणं शक्य आहे. तालुक्याला फी लिहून ठरवायची पद्धत नाही. "बघू नंतर", "पीक आलं की देतो", असं होत जातं. पक्षकार मनाई हुकूम मिळाला की दोन वर्षं फिरकत नाहीत, आणि मग एक दिवस दुसरा वकील घेऊन येतात. माझेही असे पैसे बुडालेत. या चिडीतून फाइल अडवली जाते. पण त्यासाठी वकिलाला कायद्याने सरळ मार्ग दिलाय, फीसाठी दिवाणी दावा करायचा. म्हणून हिशेब मागा, वकिलाने पक्षकाराचा हिशेब ठेवायचा आणि मागितल्यावर प्रत द्यायची हे नियमांतच आहे. आईकडची जुनी डायरी, बँकेचं पासबुक काढून बसा. जे खरंच देणं निघतं ते चेकने किंवा ऑनलाइन द्या, पावती मागा, आणि ते फाइल मिळण्याच्या बदल्यात नव्हे तर देणं आहे म्हणून द्या. "निकाल लागला की जमिनीतला दहा टक्के हिस्सा" असं काही तोंडी ठरलं असेल तर ते मुळातच नियमाविरुद्ध आहे. निकालावर अवलंबून फी किंवा मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा वकिलाला घेता येत नाही. २०१७ मध्ये तेलंगणातल्या एका विधवा बाईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. मोटार अपघातात नवरा गेला, भरपाई मिळाली, आणि वकिलाने टक्क्यांनी फी लावून तिच्याकडून आणखी दहा लाखांचा चेक घेतला, तो वटला नाही म्हणून तिच्यावरच केस केली. कोर्टाने ती केस रद्द केली. तुमच्या आईकडून असा चेक किंवा साठेखत घेतलेलं नाही ना, हे तिला आज रात्री जेवताना शांतपणे विचारा. बायका अशा गोष्टी मुलांना सांगत नाहीत.

क्रम लक्षात घ्या. आधी ई-कोर्ट्स आणि रोजनामा, मग नकलेचे अर्ज, मग पत्र, मग नवा वकील किंवा विधी सेवा समिती, आणि तक्रार सगळ्यात शेवटी. तक्रार आधी केलीत तर तुमचं लक्ष आणि पैसा मुंबईला जाईल आणि इकडे तालुक्याला पुरावा बंद होईल. मुलगीही जन्मापासूनच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच वडिलोपार्जित मालमत्तेची वाटेकरी, आहे, हे विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला ठरलेलं आहे. जमीन वडिलोपार्जित असेल तर आईची बाजू कायद्याने भक्कम आहे, ती गैरहजेरीत घालवू नका.

पुढची तारीख अडीच आठवड्यांवर आहे म्हणता. पत्राचे आठ दिवस त्यात बसतात, पण पत्र उद्याच पोस्टात पडलं तर. नकलेच्या अर्जाला जाताना आईला सोबत न्या, आधार कार्ड घ्या, चष्मा घ्या, आणि ज्या कागदावर ती सही करेल तो आधी तिला मोठ्याने वाचून दाखवा.